कार्ड नंबर १८७ आणि माझी इतर स्थावर-जंगम

मी, ऑर्व्हिल टी. स्ट्राउड, वय वर्षे एकाहत्तर, धंदा हजामत (निवृत्त, पण शनिवारी कोणी दारात येऊन उभं राहिलं तर नाही म्हणत नाही), राहणार मिल स्ट्रीट, केन फोर्क, केंटकी, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाला किंवा लाडीगोडीला बळी न पडता, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचं काय व्हावं ते लिहून ठेवत आहे. शुद्धीचा पुरावा म्हणून मी माझ्या वकील मिस ओडेसा ट्रिम्बल यांच्यासमोर १९५३ सालच्या बेसबॉल कार्डांच्या संचातली दोनशे चाळीस नावं क्रमाने म्हणून दाखवली. नव्वदाव्या नावाला त्या "पुरे, पटलं" म्हणाल्या. मी तरी शेवटपर्यंत म्हटली, कारण अर्धवट काम मला आवडत नाही.

मृत्युपत्र करण्याचं कारण असं की येत्या मंगळवारी, ता. १० नोव्हेंबर रोजी, लेक्सिंग्टनच्या इस्पितळात माझी छाती उघडून हृदयाच्या तीन वाहिन्यांची डागडुजी करायची आहे. डॉक्टर पोरसवदा आहेत आणि "काही काळजी करू नका" असं फार वेळा म्हणतात. मी चाळीस वर्षं लोकांच्या गळ्यावर वस्तरा चालवलेला माणूस आहे. "काळजी करू नका" हे आपण कधी म्हणतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. म्हणजे तसं एकच होतं, १९६३ सालचं, ज्यात मी सगळं काही डचेस नावाच्या माझ्या कुत्रीला दिलं होतं. त्या वेळी मी बहिणीवर रागावलो होतो. डचेस पुढे दोन वर्षांनी वारली आणि बहिणीवरचा रागही त्याच सुमारास गेला.

कलम १. घर.

मिल स्ट्रीटवरचं माझं राहतं घर, मागच्या आक्रोडाच्या झाडासह, ओसरीवरच्या झोपाळ्यासह आणि तळघरातल्या ओलीसह, मी लॉरेल गॅप येथे राहणाऱ्या मिसेस जिनीव्हा पिकेट यांना देत आहे.

नात्याने त्या माझ्या कोणी लागत नाहीत. हे वाक्य लिहिताना मला बरं वाटलेलं नाही. गेली एकवीस वर्षं मी दर मे आणि दर ऑक्टोबर महिन्यात बसने सत्तर मैल जातो, त्यांच्या हातचं घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव खातो, आणि "माझ्याशी लग्न कराल का" हे चार शब्द ओठांवर घेऊन तसाच परत येतो. मंगळवारी टेबलावर ते शब्द पोटातच राहून मी गेलो तर काय, या विचाराने मला आठवडाभर झोप नाही. विचारायचं धैर्य नाही ते नाही, निदान घर तरी त्यांच्या नावावर व्हावं.

हे मिस ओडेसांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे होत्या आणि अजून तशाच वागतात.

"ऑर्व्हिल, एका बाईला घर द्यायला तुला मरावं लागतंय होय रे?"

"जिवंतपणी दिलं तर लोक बोलतील, मिस ओडेसा."

"लोक एकवीस वर्षं बोलतायत. तू एकटाच तेवढा गप्प आहेस."

हे असलं मृत्युपत्रात घालायचं नसतं असं त्यांनी बजावलं. मी घातलं आहे.

कलम २. बँकेत जे काही निघेल ते माझी बहीण लोरेटा हिला. तिने त्यातून नवीन शेगडी घ्यावी. माझ्यासाठी फुलं आणू नयेत, मला शिंका येतात.

कलम ३. दुकानातलं सामान.

हजामतीची खुर्ची व्हर्जिल ॲन्स्ली यास. व्हर्जिलचं खिळे-पत्र्याचं दुकान माझ्या दुकानासमोर आहे. त्याच्याकडे गिऱ्हाईक नसलं की तो माझ्या खुर्चीत येऊन बसे, आणि माझ्याकडे गिऱ्हाईक आलं तरी उठत नसे. आता हक्काने बसावं. फक्त गोल फिरवू नये, खालचा स्क्रू ढिला आहे.

माझी मोठी कात्रीही व्हर्जिललाच. याचं कारण त्याला माहीत आहे, पण ते कागदावर राहिलेलं बरं. १९५८ साली त्याने माझी दोन चांगली कार्डं घेऊन मला बदल्यात एक दिलं. कोपरे सुईसारखे टोकदार, कडा कोऱ्या करकरीत. मी घरी येऊन ते दुसऱ्या कार्डावर ठेवून पाहिलं तर खालच्या बाजूला केसभर आखूड. झिजलेली कडा त्याने दुकानातल्या पत्रा कापायच्या यंत्रात घालून छाटली होती! आम्हा कार्डवाल्यांत यापेक्षा मोठं पाप नाही. बायको पळवलेली एक वेळ माफ होते. मी रस्ता ओलांडून त्याच्यासमोर कार्ड आपटलं.

"हे कापलंयस तू."

"थंडीनं आकसलं असेल," व्हर्जिल म्हणाला.

"कागद आकसतो थंडीनं?"

"पत्रा आकसतो, ऑर्व्हिल. कागदानं काय घोडं मारलंय?"

चौतीस वर्षं झाली, अजून तो हेच सांगतो. तेव्हा ते आकसलेलं कार्ड त्याला परत, आणि सोबत कात्री, म्हणजे पुढच्या वेळी निदान सरळ कापता येईल. माझी मासे धरायची होडीही त्यालाच. होडी का, ते पुढच्या कलमात येईल. व्हर्जिलचा माझ्यावर एक उपकार आहे आणि तो मी त्याच्या तोंडावर कबूल करणार नाही.

कलम ४. कार्डं.

१९५३ साली मी बत्तीस वर्षांचा घोडा होतो आणि नाक्यावरच्या दुकानात शाळकरी पोरांच्या रांगेत उभा राहून बबलगमची पुडकी विकत घेत होतो. एका पुडक्यात गुलाबी बबलगमची एक वडी आणि पाच खेळाडूंची कार्डं. पुढे चित्र, मागे माणसाची जन्मकुंडली: उंची, वजन, किती सामने, किती फटके. वड्या मी दुकानात बरणीत घालून ठेवी. त्यातल्या बहुतेक माझा भाचा ड्वाइट याने खाल्ल्या. तो आज दातांचा डॉक्टर आहे, आणि माझ्या मते त्याला हा धंदा त्याच बरणीने सुचवला.

संच पुरा झाल्यावर मला वाटलं, नुसती चित्रं काय कामाची, प्रत्येकावर त्या त्या माणसाची सही पाहिजे. ही आमच्या लोकांतली जुनी रीत आहे. खेळाडूचा पत्ता मिळवायचा, पत्र लिहायचं, सोबत कार्ड घालायचं, आणि स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेलं परतीचं पाकीट जोडायचं. भला माणूस असेल तर सही करून परत टाकतो. मी सगळ्यांना एकच पत्र लिहिलं: "महाशय, तुमचा तो खेळ मी जन्मात विसरणार नाही." कोणता खेळ ते लिहीत नसे. ज्याला त्याला आपला एक तरी आठवतोच. काहींनी चार-चार पानी उत्तरं पाठवली. एकाने हॅमचं मोठं तंगडं पाठवलं.

याला अठरा वर्षं लागली. खेळाडू म्हातारे झाले, गावं बदलली, एक जण तुरुंगात होता, एक पाद्री झाला होता. १९७१ च्या मार्चमध्ये शेवटचं पाकीट आलं, कार्ड नंबर १८७, आणि संच पुरा झाला. त्या दिवशी मी तीन गिऱ्हाइकांची दाढी फुकट केली.

नंबर १८७ म्हणजे लेम पिकेट, कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा. मोठ्या लीगमध्ये एकच हंगाम, एकोणीस सामने. एकवीस वेळा बॅट घेऊन उभा राहिला, तीन वेळा चेंडूला लागली. कार्डाच्या मागे छापलं आहे, "भावी काळाचा तारा". पुढच्या चित्रात तोंडावरची जाळी काखेत मारून उभा, हसरा, धिप्पाड, आणि डाव्या बुटाची नाडी सुटलेली. त्या वर्षीच्या जूनमध्ये शेवटच्या डावात समोरचा धावणारा होम प्लेटपासून, म्हणजे धाव पुरी होते त्या पाटीपासून, तीन पावलं लांब असताना चेंडू लेमच्या हातात होता. नुसता पुढे होऊन त्याच्या अंगाला टेकवायचा, की तो बाद. लेम पुढे झाला तो आपल्याच नाडीवर पाय देऊन तोंडघशी पडला. सामना गेला, आठवड्याने नोकरी गेली, आणि भावी काळाचा तारा लॉरेल गॅपच्या लाकडाच्या गिरणीत कामाला लागला.

हे सगळं मला व्हर्जिलने ऐकवलं. माझा संच पुरा झाल्यापासून तो जळत होता. एप्रिलमध्ये एक दिवस तो जुन्या वर्तमानपत्राचं पान नाचवत आला. दुकानात चार माणसं बसली होती.

"ऑर्व्हिल, तुझा तो एकशे सत्त्याऐंशी. सही कधी आली म्हणालास?"

"मार्चात."

"वा! माणूस नोव्हेंबरात गेला. हे बघ, मयतांची यादी. चार महिने पुरलेला माणूस तुला सही करून देतो, म्हणजे तुझं पत्र भलतंच भावलेलं दिसतंय त्याला!"

दुकान हसून हसून लोळलं. ज्याची मी दाढी करत होतो तोही हसला, गळ्यावर वस्तरा असताना. मी सोमवारची बस पकडून लॉरेल गॅपला गेलो, लेम पिकेटच्या नावाने कोण भामटा सह्या करतो त्याला जाब विचारायला.

दार एका बाईने उघडलं. हाताला कोपरापर्यंत पीठ.

"तुम्हीच का मिसेस पिकेट?"

"हो. विजेच्या मीटरचे ना?"

"नाही. मी केन फोर्कचा न्हावी."

"मी केस घरीच कापते."

मी खिशातून कार्ड काढून समोर धरलं. "ही सही कोणाची?"

त्यांनी मान तिरकी करून पाहिलं. "माझी," त्या म्हणाल्या. "छान आलीय. मार्चमध्ये माझा हात बरा होता."

"तुमचे मिस्टर नोव्हेंबरात गेले!"

"माहीत आहे मला. मी होते तिथं."

"ही चक्क फसवणूक आहे, बाई!"

"पाय पुसून आत या आणि मग ओरडा. शेजारणीला सगळं ऐकू जातं."

आत मला कळलं की लेम पिकेटने चाहत्यांना जन्मात एकही सही पाठवलेली नव्हती. प्रत्येक पत्रातून तेच चित्र निघायचं आणि त्यात तीच सुटलेली नाडी. तो पत्रं तशीच चुलीत टाकायचा. १९५४ सालापासून मिसेस पिकेट ती चुलीतून काढायच्या, कडेने जळलेलं पाकीट बदलायच्या आणि सही करून टपालात टाकायच्या.

"कुठलंसं नेब्रास्काचं पोर लिहितं, मोठेपणी मी तुमच्यासारखा होणार," त्या म्हणाल्या. "आता हे जाळायचं? माझ्याच्यानं नाही झालं."

"त्यांना कधी कळलं नाही?"

"कळलं की. दहा वर्षांनी एकदा माझ्यामागं येऊन उभा राहिला. मला वाटलं आता रागावतो. म्हणाला, जिनी, पहिलं अक्षर जरा मोठं काढत जा. मी मोठा माणूस होतो."

"बरं, पण आता? आता ते नाहीत."

त्यांनी पिठाचा गोळा उलटा केला. मग म्हणाल्या, "माणूस गेला म्हणून टपाल थांबत नाही, मिस्टर स्ट्राउड. पत्र परत पाठवायचं तर पाकिटावर 'मयत' असं लिहावं लागतं. ते लिहायला हात उचलत नाही. त्यापेक्षा सही सोपी जाते."

भांडायला गेलेला मी तेलात तळलेल्या सफरचंदाच्या तीन करंज्या खाऊन, आणखी सहा टोपलीतून घेऊन परत आलो. पुढे टोपली परत करायची म्हणून ऑक्टोबरमध्ये गेलो. रिकामी कशी न्यायची, म्हणून आक्रोड भरून नेले. त्यांनाही ती रिकामी परत देववेना. एकवीस वर्षं ती टोपली आमच्यात जा-ये करते आहे, आणि दोघांनाही ती कोणाची हे आता नक्की सांगता येणार नाही. व्हर्जिलने वर्तमानपत्राचं ते पान आणलं नसतं तर यातलं काहीच घडलं नसतं. होडी त्याबद्दल.

मी विचारलं का नाही, याचं कारणही इथे लिहून टाकतो. त्यांच्या स्वयंपाकघरात लेमचा फोटो आहे, तोच हसरा. मी चाळीस वर्षांत कोणाचा गळा खरचटू दिला नाही, आणि एकवीसात तीन फटके मारणाऱ्या माणसाचा मला मत्सर वाटतो. तो फोटोतून बघत असताना माझ्या तोंडून "कालवण छान झालंय" याखेरीज काही निघत नाही.

सबब कार्डांची वाटणी अशी: नंबर १८७ वगळून उरलेली दोनशे एकोणचाळीस कार्डं केन फोर्कच्या वाचनालयाला द्यावीत. पोरांना ती हातात घेऊन पाहू द्यावीत, हातांना जॅम असला तरी. काचेत किंवा प्लास्टिकच्या डब्यांत बंद केल्यास देणगी रद्द.

कलम ५. नंबर १८७ आणि माझा भाचा.

नंबर १८७ ची माझ्याकडे दोन कार्डं आहेत. एक ते मार्चमधलं, मिसेस पिकेटच्या हातचं. दुसरं त्यांनी मला १९८४ साली दिलं. ते पहिल्या पुडक्यातून निघालेलं, एप्रिल १९५३ चं, नाडीचा प्रकार घडायच्या आधीचं. त्याच्या मागे लेमने स्वतः लिहिलं आहे, "जिनीस, पहिलं कार्ड तुझं. लेम पिकेट." कार्डावर त्याच्या स्वतःच्या हातची सही उभ्या जगात ही एवढीच. ती मला का दिली असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही नीट सांभाळाल." मी काय बोललो? कालवण छान झालंय म्हणालो.

भाचा डॉ. ड्वाइट याला हल्ली कार्डांचं भलतंच वेड लागलं आहे, पण त्याला खेळातलं काही कळत नाही. तो भावपुस्तक घेऊन हिंडतो आणि कार्डांना चिमट्याने उचलतो. गेल्या वसंतात त्याने मला न सांगता दोन्ही कार्डं लुइव्हिलच्या प्रदर्शनात एका तज्ज्ञाकडे नेली. परत आला तो चेहरा पाडून.

"मामा, वाईट बातमी आहे. तू खाली बस."

"मी बसलेलाच आहे."

"हे जुनं कार्ड, जिनीस वगैरे लिहिलेलं. ही सही साफ खोटी आहे. त्यांनी भिंगाखाली साठ सह्यांशी ताडून पाहिली. एकीशीसुद्धा जुळत नाही. लिहिणाऱ्यानं पहिलं अक्षर नीट पाहिलेलंही नाही म्हणे."

"नाही का? वाईट झालं."

"पण ही दुसरी! एकाहत्तर सालची. शंभर टक्के अस्सल! हे बघ, दाखला दिलाय, शिक्क्यासह. म्हणाले, पिकेटच्या सहीचा इतका स्वच्छ नमुना आम्ही पाहिला नाही."

देशभरातल्या त्या साठच्या साठ सह्या लॉरेल गॅपच्या एका स्वयंपाकघरात, पिठाच्या हातांनी झालेल्या आहेत हे मी त्याला सांगू लागलो, पण हसू आवरेना. हसता हसता छातीत जी कळ आली ती पहिली. डॉक्टरांनी विचारलं, "दुखणं कशानं सुरू झालं?" मी म्हटलं, "दाताच्या डॉक्टरनं."

ड्वाइटने पुढे ते ऐकून घेतलं, पण त्याला पटलं नाही. "मामा, शिक्का आहे," एवढंच म्हणतो. पोरगा मनाचा वाईट नाही. मला इस्पितळात नेणं-आणणं तोच करतो आणि वाटेत गाडीत मला कंटाळा येईल म्हणून भावपुस्तक वाचून दाखवतो. तेव्हा मार्चमधलं अस्सल कार्ड, दाखल्यासह, डॉ. ड्वाइट यास. खोटं ठरलेलं कार्ड मिसेस जिनीव्हा पिकेट यांना परत. ज्याला जे खरं वाटतं ते त्याला मिळावं.

कलम ६. अंत्यविधी.

फार खर्च नको. जेवणाला बर्गू, म्हणजे आमच्याकडचा मटण-भाज्यांचा दाट रस्सा, करावा, मोठ्या कढईत, आणि त्यात मटण किती घालायचं यावर चर्चमधल्या बायकांनी माझ्या शवपेटीसमोर भांडू नये. व्हर्जिलने रडायला हरकत नाही, गायला आहे. ड्वाइटने भाषण करू नये. माझे केस कोणी कापणार असेल तर कानांवरून फार वर घेऊ नयेत. मला हे सांगायला तिथे उठता येणार नाही.

कलम ७. हे कलम काल दुपारनंतर वाढवलं आहे.

काल, गुरुवारी, सहीच्या आधी मसुदा नीट वाचून पाहावा म्हणून मी मिस ओडेसांच्या कचेरीत गेलो, तर तिथे मिसेस पिकेट मांडीवर टोपली घेऊन बसलेल्या. ऑपरेशननंतर माझ्याकडे बघायला म्हणून त्या बसने आल्या होत्या. कचेरीत कशा आल्या हे मी मिस ओडेसांना विचारलं. त्या म्हणाल्या, "लाभार्थीच्या नावाचं स्पेलिंग तपासायचं होतं." पन्नास वर्षं वकिली केलेल्या बाईने इतकं उघड खोटं बोलू नये. मग त्यांनी कलम १ मोठ्याने वाचलं. सगळं. चार शब्दांसकट.

मिसेस पिकेटनी टोपली मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाल्या, "घर? मला?"

"आक्रोडाच्या झाडासह," मी म्हणालो.

"काय करू मी त्याचं? माझं घर आहे. छप्पर गळतं, पण माझं आहे. एका मेलेल्या माणसाचं टपाल बावीस वर्षं सांभाळतेय, आता दुसऱ्या मेलेल्याचं तळघर पुसू? मला नाही पाहिजे. खोडा ते."

मिस ओडेसांनी पेन्सिल उचलली.

"आणि हे दुसरं काय लिहिलंय," मिसेस पिकेट म्हणाल्या, "ते मला विचारायचंय, की नुसतं वकिलाला कळवायचंय?"

मी वर पाहिलं. भिंतीवर लेमचा फोटो नव्हता, मिस ओडेसांच्या वडिलांचा होता, तरी तेच झालं. मी म्हणालो, "टोपलीतल्या करंज्यांचा वास छान येतोय." मिस ओडेसांनी कपाळ टेबलावर टेकलं.

"ऑर्व्हिल स्ट्राउड!" मिसेस पिकेट म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला मिस्टर न लावता प्रथमच हाक मारली.

मग मी विचारलं. चारही शब्द, क्रमाने.

"लेमच्या नावानं पत्रं येतात, त्यांवर मी सह्या करणार," त्या म्हणाल्या. "नंतरही. ते सुटायचं नाही."

"करा. मी तिकिटं चिकटवीन."

"फोटो स्वयंपाकघरात राहील."

"राहू दे. त्याच्यासमोर विचारायचं होतं ते इथं विचारून झालंय."

"मग हो," त्या म्हणाल्या, आणि रुमाल शोधू लागल्या. माझा दिला.

मी म्हणालो, आज कोर्ट साडेचारपर्यंत उघडं आहे, चला. त्या म्हणाल्या, "नाही. शनिवार, अठ्ठावीस नोव्हेंबर. दुपारी बारा वाजता."

"पण ऑपरेशन मंगळवारी आहे. आधी केलेलं बरं नाही का? न जाणो..."

"आधी केलं की तुम्ही मरायला मोकळे. मी एकदा चार दिवसांत काळा पोशाख शिवलाय, आता शिवायची नाही. अठ्ठावीसला यायचं. पायांवर चालत."

यावर मिस ओडेसांनी डोळे पुसून चष्मा लावला आणि कायदा सांगितला. आमच्या केंटकीत माणसाने लग्न केलं की त्याचं आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. खुर्ची, कात्री, होडी, वाचनालय, बर्गू, सगळं. तीन आठवडे बसून केलेलं हे काम मी अठ्ठावीस तारखेपर्यंत जगलो तर रद्दी होणार. "तरी उद्या सही करून ठेव," त्या म्हणाल्या, "मधले तेवीस दिवस उघडे नकोत." म्हणून सही करतो आहे. कलम १ खोडलेलं नाही. मिसेस पिकेट कितीही रागावल्या तरी मी मेलोच तर त्यांना ऐकावं लागेल.

तेव्हा मागे राहिलेल्यांनो, हा कागद तुमच्यापुढे कोणी वाचत असेल तर माझं जमलं नाही असं समजा, आणि जिनीव्हाला एकटीला घरी जाऊ देऊ नका. ड्वाइटने गाडीतून सोडावं आणि वाटेत भावपुस्तक वाचू नये. पण मला स्वतःला विचाराल तर पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय, मी आपली अंतिम इच्छा नमूद करतो ती अशी: वर लिहिलेल्यातलं एकही कलम अमलात येऊ नये, आणि अठ्ठावीस तारखेच्या शनिवारी दुपारी बारा वाजल्यापासून हे मृत्युपत्र कवडीमोलाचं व्हावं.

स्थळ: मिस ओडेसा ट्रिम्बल यांची कचेरी, केन फोर्क, केंटकी
दिनांक: शुक्रवार, ६ नोव्हेंबर १९९२

सही: ऑर्व्हिल टी. स्ट्राउड

साक्षीदार:

१. ड्रेमा लुटरेल, टंकलेखिका. (हे सर्व मी दोनदा टाइप केलं आणि दुसऱ्यांदा रडले.)

२. रेव्हरंड अमोस टॅकेट. (व्हर्जिल ॲन्स्ली टाय लावून साक्षीला आला होता, पण ज्याला काही मिळायचं आहे त्याने साक्ष देऊ नये असं सांगितल्यावर "मग माझी खुर्ची कापा, मला सही करू द्या" म्हणून तासभर अडून बसला. सबब मला बोलावण्यात आलं. अठ्ठावीस तारखेला बारा वाजता चर्च मोकळं आहे, तशी नोंद मी करून ठेवली आहे.)